ग्राहक, उपभोक्ता आणि आपण

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत दरवर्षी प्राध्यापक, डॉक्टर किंवा पुण्या-मुंबईहून आलेले विद्वान बोलतात. या वर्षी कार्यकारिणीने ठरवले की एक दिवस आपल्यातल्याच कुणीतरी बोलावे, आणि चिठ्ठी आमच्या नावाची निघाली. आम्ही विद्वान नाही. पॉलिटेक्निकमधून विद्युत शाखेची पदविका घेतली आणि राज्य शासनाच्या एका खात्यात उपयंत्री म्हणून नोकरी करतो. त्यामुळे आज जे सांगणार ते पुस्तकातले कमी आणि घरखर्चाच्या वहीतले जास्त असेल. आणि 'आम्ही' म्हणतो तेव्हा त्यात आमचे घर, आमच्या कचेरीतले सहकारी आणि आमची गल्ली असे सगळेच आले, हे समजून घ्यावे.

विषय लिहून मिळाला तो 'उपभोक्तावाद आणि समाज' असा. तिथेच आमची गाडी पहिल्यांदा अडली. आपल्या मराठीत यासाठी 'चंगळवाद' हा शब्द रूढ आहे. आता 'चंगळ' हा काही वाईट शब्द नाही. घरात आंब्याची करंडी आली, आमरस-पुरीचा बेत झाला, की आजी म्हणायची, "आज मुलांची चंगळ आहे." ती एका दिवसाची असायची म्हणून लक्षात राहायची. दुसऱ्या दिवशी परत वरण-भात. त्या शब्दाला 'वाद' चिकटला तो रोजच चंगळ हवी असे वाटू लागल्यावर.

दुसरी गंमत अशी. आपल्या घरी विजेचे बिल येते त्यावर आपल्याला 'उपभोक्ता' म्हटलेले असते. पुण्यात आमच्या मावसबहिणीकडे बिल येते त्यावर 'ग्राहक क्रमांक' छापलेला असतो. वीज तीच, मीटर तोच, पण माणूस वेगळा झाला. ग्राहक म्हणजे घेणारा. पारखून घेणाऱ्याला आपण गुणग्राहक म्हणतो. उपभोक्ता म्हणजे भोगणारा, वापरून संपवणारा. इंग्रजीत तर याच अर्थाचा शब्द पूर्वी क्षयरोगाला वापरत, कारण तो माणसाला खाऊन टाकतो. आपण ग्राहक आहोत की उपभोक्ता, एवढाच आमचा आजचा प्रश्न आहे. आणि तो ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला जरा वेगळ्या तऱ्हेने लागू पडतो, तिकडे येऊच.

पण आधी मेळ्याचे बोलू. ग्वाल्हेरात राहून खरेदीवर बोलायचे आणि मेळ्याचे नाव घ्यायचे नाही, हे शक्य नाही.

माधवराव महाराजांनी १९०५ साली मेळा सुरू केला तेव्हा तो मुख्यतः गुरांचा बाजार होता, सागरतालाच्या बाजूला भरायचा. शेतकऱ्याला चांगली जनावरे मिळावीत, व्यापाऱ्याला गिऱ्हाईक मिळावे. पुढे तो आजच्या जागी आला, पक्की दुकाने बांधली गेली, आणि शंभरावर एकरांत पसरला. आपल्यापैकी प्रत्येकाच्या लहानपणी मेळा म्हणजे वर्षाची खरेदी होती. रजई, स्वेटर, लोखंडी कढई, लोणच्याची चिनी मातीची बरणी. घरी महिनाभर आधी यादी व्हायची. आई यादी सांगायची, वडील त्यातल्या निम्म्या ओळींवर काट मारायचे, आणि उरलेल्यांत आम्ही झुला आणि खजला घुसवायचो. सॉफ्टीचा हट्ट थंडीत का करायचा असतो हे ग्वाल्हेरबाहेरच्या माणसाला अजून कळलेले नाही.

आता मेळ्याचे मुख्य आकर्षण वाहनांचा विभाग आहे. अलीकडच्या बऱ्याच मेळ्यांत शासनाने तिथे घेतलेल्या गाड्यांवर मोटार वाहन करात ५० टक्के सूट दिली. अट अशी की गाडीची नोंदणी ग्वाल्हेरच्याच परिवहन कार्यालयात व्हायला हवी. म्हणून इंदूर-भोपाळच्या रस्त्यांवरही एमपी ०७ च्या गाड्या दिसतात आणि आपल्याला उगीचच गावचा माणूस भेटल्यासारखे वाटते. २०२४ मध्ये उज्जैनच्या विक्रम व्यापार मेळ्यातही अशीच सूट मिळाली. व्यापार वाढतो, शासनाला महसूल मिळतो, तरुणांना काम मिळते. हे सगळे खरे आहे, आणि शासकीय नोकर असल्यामुळे ते आम्हाला जास्तच खरे वाटते.

पण एक हिशेब मांडू या. कचेरीत जेवणाच्या सुट्टीत आम्ही तो एका कागदावर मांडला होता, तोच इथे सांगतो. समजा गाडी १० लाखांची. कर समजा ८० हजार. निम्मा माफ झाला, म्हणजे ४० हजार वाचले. घरी पेढे आले. आता २ लाख हातचे भरले आणि ८ लाखांचे कर्ज काढले, व्याज ९ टक्के, मुदत ७ वर्षे. हप्ता बसतो साधारण १२ हजार ८७० रुपये. असे ८४ हप्ते. एकूण भरायचे १० लाख ८१ हजार. म्हणजे व्याजाचेच २ लाख ८१ हजार झाले. ४० हजार वाचवण्यासाठी. आमच्या एका सहकाऱ्याने तो कागद पाहिला आणि म्हणाला, "साहेब, पण सूट तर फक्त मेळ्यातच मिळते ना." तो आज इथे बसला आहे, त्याची परवानगी घेऊनच हे सांगत आहोत.

गाडी घेऊच नये असे आमचे मुळीच म्हणणे नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेल्यावर वृद्ध आईला दुचाकीवरून दवाखान्यात नेणाऱ्याला विचारा. प्रश्न एवढाच की गाडी नोव्हेंबरच्या यादीत होती का. की जानेवारीत सूट जाहीर झाली आणि मग गरज निर्माण झाली? गंमत पाहा, २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन, १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा झाला त्याची आठवण. आणि त्याच सुमारास आपला मेळा सुरू होतो. आदल्या दिवशी ग्राहक, दुसऱ्या दिवशी उपभोक्ता.

आमच्या पिढीच्या शासकीय नोकरांना यात एक जास्तीचा धोका आहे. १ जानेवारी २००५ नंतर जे सेवेत आले त्यांना जुनी पेन्शन नाही. पगारातून १० टक्के कापले जातात, ते बाजारात गुंतवले जातात, आणि साठीनंतर काय मिळेल ते तेव्हा कळेल. आमच्या वडिलांना निवृत्तीनंतर दर महिन्याला किती येणार हे नोकरी लागतानाच माहीत होते, तरी ते रेडिओ घ्यायला दोन वर्षे विचार करत. आम्हाला काहीच माहीत नाही, आणि आम्ही एका संध्याकाळी मोबाइलवर बोट ठेवून दूरदर्शन संच मागवतो. याला धाडस म्हणावे की काय, ते ज्याचे त्याने ठरवावे.

आता कुणी म्हणेल, दिखावा काय आजच सुरू झाला? मुळीच नाही. जयविलास राजवाडा १८७४ चा. दरबार हॉलमधली झुंबरे प्रत्येकी साडेतीन टनांची सांगतात, ती टांगण्याआधी छत पेलेल का हे बघायला हत्ती वर चढवल्याची कथा प्रत्येक मार्गदर्शक पर्यटकांना ऐकवतो. जेवणाच्या टेबलावर पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार घेऊन फिरणारी चांदीची आगगाडी आजही आहे. आपल्याकडे कुणी आले की आपण अभिमानाने दाखवायला नेतोच. थॉर्स्टीन व्हेब्लेन नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली एक ग्रंथ लिहून सांगितले की श्रीमंत माणूस वस्तू वापरण्यासाठी कमी आणि दुसऱ्याला दिसावी म्हणून जास्त घेतो. त्याला ग्वाल्हेर पाहायला मिळाले असते तर ग्रंथ थोडा जाड झाला असता.

फरक एवढाच की तेव्हा शहरात आगगाडी एक होती. लोक ती पाहून घरी जायचे आणि आपापली भाकरी खायचे. आपल्या घरी तशीच का नाही, असे जनकगंजातल्या कारकुनाला वाटत नव्हते. १९७६ मध्ये दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या, १९८२ च्या आशियाई खेळांबरोबर रंग आले, १९९१ नंतर दुकाने भरली. त्याआधी स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. ते दिवस चांगले होते असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नाही. गॅसच्या जोडणीसाठी आईने चुलीवर आणि स्टोव्हवर किती काळ काढला हे आम्ही पाहिले आहे. पण आता चांदीची आगगाडी प्रत्येकाच्या हातातल्या मोबाइलमध्ये फिरते, दिवसरात्र, आणि प्रत्येकापुढे थांबते.

आणि जी वस्तू येते ती टिकत नाही. हा आमच्या शाखेचा विषय आहे म्हणून दोन वाक्ये. १९२४ साली जिनिव्हात विजेचे दिवे बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी संघ केला, फीबस त्याचे नाव, आणि दिवा १,००० तासांपेक्षा जास्त टिकू नये असे ठरवले. जो जास्त टिकाऊ बनवील त्याला दंड. दिवा चांगला बनवणे ही चूक ठरली! आमच्या घरचे कपडे धुण्याचे यंत्र हमी संपल्यावर तीन महिन्यांत बंद पडले. कारागीर आला, म्हणाला आतली पट्टीच बदलावी लागेल, तिला निम्मी किंमत पडेल, त्यापेक्षा नवे घ्या. कंपनीचे नाव घेत नाही. दुरुस्तीचा हक्क मिळावा म्हणून केंद्राने २०२२ मध्ये समिती नेमली आहे. पण बाड्याजवळ खुर्ची टाकून, डोळ्याला भिंग लावून घड्याळ उघडणारा माणूस आता शोधावा लागतो, तो समितीने परत येईल असे वाटत नाही.

हे सगळे भारतभर चालले आहे. मग आपल्या मंडळात बसून वेगळे काय बोलायचे? आता त्याकडे वळू.

लष्कराचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. दौलतराव शिंद्यांचा तळ इथे १८१० च्या सुमारास पडला, तळाचे शहर झाले, म्हणून लष्कर. पाटणकर बाजार, फालका बाजार, दौलतगंज, माधवगंज, निंबाळकर की गोठ, चिटणीस की गोठ, शिंदे की छावनी. मराठी माणसांची नावे बाजारांना आणि मोहल्ल्यांना लागली. ती माणसे काय विकत घेत होती म्हणून नव्हे. त्यांनी काही केले म्हणून, निदान त्यांच्याकडे काही जबाबदारी होती म्हणून. आज उलटे झाले आहे. त्याच पाटणकर बाजारातून आपला मुलगा छातीवर कंपनीचे नाव लिहिलेला सदरा घालून फिरतो, आणि त्या जाहिरातीचे पैसे कंपनीने त्याला देण्याऐवजी त्यानेच कंपनीला दिलेले असतात.

एकेकाळी देशभर ग्वाल्हेरचे नाव कापडावर होते. पतौडीचे नवाब 'ग्वालियर सूटिंग'च्या जाहिरातीत असायचे, लोक दुकानात जाऊन शहराच्या नावाने कापड मागायचे. इथे बिर्लांनी १९२१ मध्ये काढलेली जियाजीराव कॉटन मिल होती, हजारो घरे तिच्यावर चालत. नव्वदच्या दशकात ती बंद पडली. तेव्हा कुणाला "काय करता?" विचारले तर उत्तर यायचे, "मिलमध्ये आहे, अमुक खात्यात." मास्तर, कारकून, हकीम, गवई, सगळ्यांची ओळख कामाची होती. आता लग्न जमवताना मुलाकडचे आधी विचारतात की घर स्वतःचे का, गाडी कोणती. काम विचारतात, पण पगारापुरते. काम काय, हे नीट ऐकून घ्यायला कुणाला वेळ नाही. 'पॅकेज' कळले की संपले.

आणि आता जे सांगायचे आहे ते जरा जपून सांगतो, कारण ते आपल्या सगळ्यांच्या घरातले आहे.

आपले मराठीपणही आता बाजारातून येऊ लागले आहे. शिवलेली नऊवारी मिळते, पाच मिनिटांत चढवता येते. बांधलेला फेटा मिळतो, टोपीसारखा डोक्यावर ठेवायचा. दाबाची नथ, ठुशी, चंद्रकोर टिकलीचे पाकीट, मोदकाचा साचा, आणि साचाही नको असेल तर गोठवलेले मोदक. सगळे घरपोच. गणेशोत्सव आला की आपल्या सभागृहात असे वाटते की कोल्हापूर-सातारा उतरले आहे. फोटो निघतात, ते पुण्याच्या नातेवाइकांना जातात, ते म्हणतात, "अरे, तुम्ही तिकडे राहूनही किती जपले आहे!"

आमच्या वसाहतीतली एक सातवीतली मुलगी. शाळेत वेगवेगळ्या राज्यांच्या वेशभूषांचा कार्यक्रम होता. तिने शिवलेली नऊवारी भाड्याने आणली, नथ घातली, इतकी गोड दिसत होती की पहिले बक्षीस मिळाले. बक्षीस देणाऱ्या पाहुण्या बाई योगायोगाने मराठी. त्यांनी कौतुकाने विचारले, "बाळ, तुझं गाव कोणतं?" मुलगी हसत उभी राहिली. प्रश्न कळला होता. उत्तर हिंदीत आले, "आंटी, मुझे समझ में आती है, बोलनी नहीं आती." संध्याकाळी तिने घरी हे सांगितले तेव्हा कुणाला काही विशेष वाटले नाही. वाटले ते तिच्या पणजीला. पणजी नव्वदीच्या पुढे, मूळची दाणाओलीची. त्या म्हणाल्या, "मी तर जन्मभर पाचवारी नेसले, तरी ही माझ्यापेक्षा जास्त मराठी दिसते." हे त्या हसून म्हणाल्या. पण हे त्यांना मराठीत ज्याच्याशी बोलता येईल असे त्या घरात आता एकच माणूस उरले आहे, त्यांची सून. ती सत्तर वर्षांची आहे.

मुलीचा यात काही दोष नाही, आई-वडिलांनाही बोल लावायचा नाही. शाळा इंग्रजी, गल्ली हिंदी, आणि आपली ग्वाल्हेरी मराठी ऐकून पाहुणे हसतात. "मला समजण्यात नाही आले" म्हटले की पुण्याचे लोक एकमेकांकडे पाहतात. मुलाला वाटते, कशाला हसू करून घ्या. नऊवारीला मात्र कुणी हसत नाही. टाळ्या मिळतात. भाषेला वेळ लागतो, नऊवारीला पैसे. वेळ कुणाकडे नाही, पैसे हप्त्याने मिळतात. बाजार आपल्याला फसवत नाही, तो आपण मागतो तेच देतो. दिसणे मागितले, दिसणे मिळाले.

याच शहरात दुसऱ्या प्रकारची देवघेव झालेली आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ख्याल शिकायला दक्षिणेतून इकडे आले. हस्सू खाँसाहेबांचे शिष्य वासुदेवबुवा जोशी यांच्याजवळ त्यांनी ग्वाल्हेरची गायकी घेतली आणि महाराष्ट्रात नेली. विष्णु दिगंबर पलुसकर त्यांचेच शिष्य. आज महाराष्ट्रात जे गाणे आहे त्यातले कितीतरी या वाटेने ग्वाल्हेरहून गेले आहे. बुवांनी ते घेतलेच ना? तेही ग्राहकच होते. पण त्यासाठी गुरूच्या घरी राहावे लागले, पडेल ते काम करावे लागले, आणि वर्षे द्यावी लागली. जे घेतले ते वापरून संपले नाही, शिष्यांना दिल्यावर वाढले. १९१४ मध्ये पंडितांच्या घराण्याने इथे गांधर्व महाविद्यालय काढले, १९१८ मध्ये माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. ही ग्वाल्हेरच्या मराठी माणसाची ओळख होती, आणि तिच्यात नथीचा काही संबंध नव्हता. आपल्या उत्सवातही एक बैठक व्हायचीच. आता ध्वनिवर्धक आणि रोषणाईला जो खर्च येतो तो अहवालात छापलेलाच आहे, तो आम्ही पुन्हा वाचत नाही. कोषाध्यक्षांनी आमच्याकडे पाहू नये.

मग करायचे काय? खरेदी बंद करा असे सांगणाऱ्या व्याख्यात्याच्या खिशात नवा मोबाइल असतो, तेव्हा ते आम्ही सांगणार नाही. मराठी माणसांनीच केलेली एक गोष्ट मात्र सांगायची आहे. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. पुढच्या वर्षी, १९७५ मध्ये, मुंबई ग्राहक पंचायत झाली, गायक-संगीतकार सुधीर फडके तिच्या उभारणीत होते. टंचाईचे आणि साठेबाजीचे दिवस. त्यांनी युक्ती साधी केली. शेजारपाजारची काही घरे मिळून एक संघ. प्रत्येक घराने महिन्याची मागणी आधी लिहून द्यायची. माल एकत्र घाऊक आणायचा, आणि ठरलेल्या दिवशी कुणाच्या तरी घरी किंवा जिन्याखाली बसून घरोघरच्या पिशव्या लावायच्या. भाव कमी पडायचा, हा फायदा होताच. पण आम्हाला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. मागणी लिहिताना दुकान समोर नसायचे. जाहिरात, सूट, चकचकीत वेष्टन, काहीच नाही. कोरा कागद आणि घरातली माणसे. त्या कागदावर जे यायचे ते खरोखर त्या घराला लागायचे. आणि पिशव्या लावताना शेजाऱ्याची ओळख व्हायची, ती त्याच्या गाडीमुळे नाही.

आमच्या घरी गेल्या दोन वर्षांपासून आम्ही याची लहान नक्कल करतो. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेच्या मागे घ्यायच्या वस्तूंची यादी असते. जे हवेसे वाटले ते तिथे लिहायचे, तारीख टाकून. तीन महिने थांबायचे. तीन महिन्यांनी ते अजून हवे असेल तर घ्यायचे. पहिल्या वर्षी लिहिलेल्या एकवीस वस्तूंपैकी सहा घेतल्या गेल्या. उरलेल्यांतल्या चार कशासाठी लिहिल्या होत्या हे लिहिणाऱ्यालाच आठवेना. आमच्या चिरंजीवांनी मोबाइल तीनदा लिहिला आणि तो घ्यावा लागला, कारण यादीचा नियम त्यालाही लागू आहे. हरलो ते नियमाने हरलो.

मंडळापुरते एकच सांगायचे आहे, आणि ते आम्ही नुसते सुचवत नाही, थोडी तयारी करून आलो आहोत. शिवलेली नऊवारी पाच मिनिटांत चढते हे खरे. पण न शिवलेली नेसायला शिकायला चार-पाच बैठका लागतात, आणि ती शिकवणारीला बोलावे लागते. "निऱ्या घे", "ओचा खोच", "कासोटा घट्ट नाही झाला, सोड आणि परत घाल". हे हिंदीत सांगताच येत नाही. आम्ही घरी विचारून पाहिले, ओच्याला हिंदी शब्द कुणाला सुचला नाही. तेव्हा दसऱ्यानंतर दर शनिवारी दुपारी चार वाजता याच सभागृहात आपल्या दोन ज्येष्ठ भगिनी मुलींना लुगडे नेसायला शिकवायला तयार झाल्या आहेत. मुलांसाठी फेटा बांधण्याचे काम आमच्या शेजारच्या काकांनी घेतले आहे. त्यांचा आवाज मोठा आहे आणि मराठी अस्सल ग्वाल्हेरी आहे, त्याची पुण्याच्या पाहुण्यांनी तयारी ठेवावी. फी नाही. फराळाचे ज्याने-त्याने घरून आणायचे आहे, विकतचे चालणार नाही असा भगिनींचा आग्रह आहे, आणि त्यांच्यापुढे कार्यकारिणीचे काही चालत नाही.

अडचण एकच आहे. पूर्ण नऊ वारांची लुगडी सध्या दोनच जमली आहेत, आणि त्यातल्या एकाचा पदर विरला आहे. आपल्यापैकी कुणाच्या ट्रंकेत आजीचे लुगडे घडी करून ठेवलेले असेल, सुती असो की इरकली, तर ते तीन महिन्यांसाठी द्यावे. धुऊन, घडी घालून परत मिळेल. नावे कार्यवाहांकडे नोंदवावीत.

 आरतीची वेळ झाली आहे, तबक आलेले दिसते आहे. गणपती बाप्पा मोरया.